बाबांचा पुरस्कार आणि पंचवीस हजारांचं शुल्क

पत्र :

सप्रेम नमस्कार. माझे वडील ७९ वर्षांचे आहेत. साखर कारखान्यात टाइमकीपर होते, पण हार्मोनियम वाजवतात म्हणून गावात सगळे त्यांना पेटीवाले म्हणूनच ओळखतात. संगीत नाटकं, भजनी मंडळं, नाट्यगीतांचे कार्यक्रम, गणपतीतल्या मैफली, सगळीकडे पन्नासेक वर्षं त्यांनी साथ केली. घरी मुलांना शिकवलं, तेही फी न घेता. मागच्या महिन्यात त्यांना एका संस्थेचं पत्र आलं. राष्ट्रीय पातळीवरच्या संगीत जीवनगौरव पुरस्कारासाठी त्यांची निवड झाली आहे, समारंभ पुण्यात आहे. बाबा मला म्हणाले, "चला, कुणीतरी नाव घेतलं."

चार दिवसांनी माझ्या भावाला फोन आला, पंचवीस हजार रुपये नोंदणी शुल्क भरा आणि स्मरणिकेला दोन-तीन जाहिराती मिळवून द्या म्हणून. बाबांना हे माहीत नाही. भाऊ म्हणतो, भरून टाकू, या वयात त्यांना आनंद होणार असेल तर पंचवीस हजार काय मोठे? मला ते पटत नाही. पण बाबांनी शेजारीपाजारी सांगून टाकलंय आणि कोट धुवायला दिलाय. दुसऱ्या एखाद्या चांगल्या पुरस्कारासाठी आपण अर्ज करू म्हटलं, तर म्हणतात, मागून घेतलेला मान कसला? त्यांच्या जोडीला तबला वाजवणारे काका हल्ली फार हलाखीत आहेत, त्यांचाही विचार मनात येतो. काय करू?

एक मुलगी, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, नमस्कार.

पैसे भरू नका. जाहिरातीही देऊ नका. जीवनगौरव देणारी संस्था कलाकाराला काही ना काही देते. कुणी मोठी रक्कम देतं, कुणी शाल-श्रीफळ आणि येण्याजाण्याचा खर्च देतं. संगीत नाटक अकादमीच्या पुरस्कारात एक लाख रुपये, ताम्रपत्र आणि अंगवस्त्र असतं. पद्म पुरस्कारात रोख रक्कम नसते, पदक आणि राष्ट्रपतींच्या सहीची सनद असते, आणि त्यासाठी कुणी तुमच्याकडे एक रुपया मागत नाही. सत्कारमूर्तीलाच शुल्क भरायला लावणारा समारंभ ही सरळ विक्री आहे, मग पत्रावर कितीही सोनेरी अक्षरं असोत.

हा व्यवहार कसा चालतो ते थोडं सांगते, भावाशी बोलताना उपयोगी पडेल. शहरातलं एखादं सभागृह दुपारपुरतं घेतात. एकाच दिवशी शिक्षक, सरपंच, बिल्डर, डॉक्टर, कीर्तनकार, ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या ताई अशा डझनावारी लोकांना वेगवेगळ्या नावांचे पुरस्कार देतात. पाहुणा म्हणून मालिकेतला एखादा ओळखीचा चेहरा बोलावतात. नाव पुकारलं की मंचावर जायचं, सन्मानचिन्ह घ्यायचं, फोटो काढायचा, खाली उतरायचं. तुमच्या वडिलांनी काय वाजवलं, कुणाला साथ केली, हे तिथे कुणी विचारणार नाही, कारण निवडणाऱ्यांनी ते ऐकलेलंच नसतं. पत्रावर तीन सिंहांची राजमुद्रा छापली असेल तर तिथेच थांबा. खासगी संस्थेला ती वापरता येत नाही, त्यासाठी २००५ चा कायदा आहे. सोबत 'मानद डॉक्टरेट' देऊ केली असेल तर तीही नाकारा, मानद पदवी फक्त विद्यापीठं देऊ शकतात. नावापुढे लावायला उपाधी मिळेल असं कुणी म्हणत असेल, तर भावाला एवढंच सांगा की पद्मश्रीसुद्धा नावाच्या मागेपुढे लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच हे स्पष्ट केलं आहे.

तरीही मनात शंका असेल तर संस्थेला लेखी विचारा : निवड समितीत कोण आहेत, त्यांनी बाबांचं वादन कुठे ऐकलं, आणि आम्ही शुल्क भरणार नाही तरी पुरस्कार कायम आहे का? गेल्या वर्षीच्या दोन-तीन मानकऱ्यांचे नंबर मागा आणि त्यांच्याशी स्वतः बोला. बहुतेक वेळा शेवटच्या प्रश्नानंतर फोन येणं बंद होतं.

आता तुमच्या भावाविषयी. त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. वडिलांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून ज्याला पैसे जड वाटत नाहीत, असा मुलगा असणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण तो ज्या आनंदाचे पैसे भरतोय तो मिळेल असं मला वाटत नाही. तुमचे बाबा साथीदार आहेत. समोरचा गायक पुढे कुठे जाणार हे त्याच्या श्वासावरून ओळखायचं, हे काम त्यांनी पन्नास वर्षं केलं. अशा माणसाला त्या सभागृहात बसल्यावर काही कळणार नाही, असं कसं धरून चालता? शेजारच्या खुर्चीवरचा गृहस्थ सहज विचारेल, "तुम्ही किती भरले?" त्यानंतरचा परतीचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. आणि समजा तिथे नाही कळलं, तरी तालुक्याच्या गावात अशी गोष्ट किती दिवस झाकून राहील? ज्या शेजाऱ्यांना त्यांनी आनंदाने सांगितलं, त्यांच्याकडूनच कधीतरी ती त्यांच्या कानावर येईल. त्या वेळी पुरस्कार खोटा होता यापेक्षा आपल्या मुलांनी आपल्यापासून लपवलं, हे त्यांना जास्त लागेल.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की बाबांना सांगा. आज-उद्याकडे सांगा, कोट धुऊन घरी यायच्या आधी सांगा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की संस्थेने पैशांसाठी फोन मुलाला केला आणि मग तुम्ही दोघं भावंडं बाबांच्या पुरस्काराचा निर्णय बाबांना वगळून घ्यायला बसलात. प्रेमापोटीच बसलात, हे मला समजतं. पण त्यांचं वय झालंय, समज गेलेली नाही. "बाबा, तुम्ही फसलात" अशी सुरुवात करू नका, ते फसलेले नाहीत. त्यांना एक पत्र आलं, त्यांनी ते खरं मानलं, यात त्यांचं काहीच चुकलेलं नाही. "त्या लोकांनी दादाकडे पंचवीस हजार मागितलेत, आम्हाला ते बरं वाटत नाही, तुम्ही सांगा काय करायचं," एवढंच बोला, आणि दोघांनी मिळून बोला. मला खात्री वाटते की ते स्वतःच नाही म्हणतील. शेजाऱ्यांना काय सांगायचं हा प्रश्नही मग सुटतो : पैसे मागत होते म्हणून मीच नकार दिला. हे वाक्य ते ताठ मानेने सांगू शकतील. पुरस्कार नाकारणं आपल्या संगीतात नवीन नाही. सतारवादक विलायत खाँसाहेबांनी १९६४ मध्ये पद्मश्री, १९६८ मध्ये पद्मभूषण आणि २००० मध्ये पद्मविभूषणही नाकारलं होतं.

तरीही सगळं ऐकून घेऊन त्यांना जायचंच असेल, पैसे देऊनही जायचं असेल, तर जाऊ द्या. मला ते आवडणार नाही, पण तो निर्णय त्यांचा असेल.

पण ताई, नकार दिल्यावर घरात जी पोकळी राहील तिचं काय, हा प्रश्न मला पंचवीस हजारांपेक्षा मोठा वाटतो. "चला, कुणीतरी नाव घेतलं." हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं. यात हावरटपणा नाही की प्रसिद्धीची हौस नाही. पेटीवाल्याच्या आयुष्यात नाव न घेतलं जाणं किती आत मुरलेलं असतं, हे बाहेरच्याला कळत नाही.

तुमचे बाबा १९४६-४७ च्या सुमाराचे. लहानपणी त्यांनी पेटीवर बोटं ठेवली तेव्हा आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. १९४० पासून ती लागू होती. पेटीचे सूर आधीच बांधलेले, तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक भेद, निघत नाहीत, म्हणून ती आपल्या संगीतात बसत नाही, असं सांगून देशाच्या रेडिओने तिला बाहेर ठेवलं. १९७१ मध्ये दार किलकिलं झालं ते साथीपुरतं, एकलवादनाला तेव्हाही मज्जाव राहिला. म्हणजे बाबा पंचविशीत येईपर्यंत त्यांचं वाद्यच अधिकृतपणे नको असलेलं होतं. आणि त्याच काळात आपल्याकडे, सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात, त्या वाद्यावाचून एक नाटक उभं राहत नव्हतं. संगीत रंगभूमीवर सारंगीची जागा ऑर्गन आणि पेटीने कधीच घेतली होती. कोल्हापूरकडचे गोविंदराव टेंबे गायक भास्करबुवा बखल्यांना पेटीची साथ करत. पुढे गोविंदराव पटवर्धनांनी नाट्यपदाला साथ कशी करावी याचा वस्तुपाठच घालून दिला. त्यांची पेटी ऐकून शिकलेले कितीतरी हात खेडोपाडी होते, त्यातले एक तुमचे बाबाही असतील. अशा हातांची नावं जाहिरातीत येत नसत. आली तर खाली, बारीक टाइपात, "साथसंगत" म्हणून, आणि पुष्कळदा तेवढीही नाहीत. पद रंगलं की वन्समोअर गायकाला. ते साहजिकही आहे, साथीदाराला त्याची सवय असते, बाबांनाही असणार. पण सवय झाली म्हणून माणसाला काही वाटेनासं होत नाही.

मोठ्या पेटीवादकांनाही वाट पाहावी लागली, हे बाबांना जरूर सांगा. अप्पा जळगावकरांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार २००० साली मिळाला, तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडून गेले होते. गोव्यात बोरीला जन्मलेल्या तुळशीदास बोरकरांना पद्मश्री मिळाली २०१६ मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी. २०२३ च्या सप्टेंबरात तर अकादमीने खास अमृत पुरस्कार दिले, ७५ वर्षं उलटलेल्या आणि तोवर एकही राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या ८४ कलावंतांना. एवढी माणसं राहून गेली होती, हे त्यातून अकादमीनेच मान्य केलं असं मी मानते.

उशिरा येणारा मान सगळ्यांना गोड लागतोच असं नाही. दक्षिणेतल्या गायिका एस. जानकी यांनी २०१३ मध्ये पद्मभूषण नाकारलं, फार उशीर झाला म्हणून. बंगालच्या गायिका संध्या मुखर्जी यांना नव्वदीत पद्मश्री देऊ केली, त्यांनी फोनवरच नाही म्हटलं. ती २०२२ च्या जानेवारीतली गोष्ट, पुढच्याच महिन्यात त्या गेल्या. आपल्याकडचं उदाहरण माझ्या मनातून जात नाही ते विठाबाई नारायणगावकरांचं. त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला होता, एकदा नव्हे दोनदा. तरी शेवटची वर्षं ओढाताणीत गेली. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या, आणि त्यानंतर राज्य सरकारने तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने सुरू केला. तो पुरस्कार चांगला आहे, पुष्कळ गुणी माणसांना मिळाला आहे. पण विठाबाईंना म्हातारपणी त्या रकमेचा किती आधार झाला असता, हा विचार तो जाहीर झाला की दरवर्षी माझ्या मनात येतो.

यावरून "मागून घेतलेला मान कसला" या बाबांच्या प्रश्नाकडे येते. त्यांचा स्वाभिमान मला आवडला, पण या बाबतीत त्यांना वस्तुस्थिती माहीत नाही. दिल्लीत बसलेल्या समितीला सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्यात कोण पेटी वाजवतं हे आपोआप कसं कळणार? कुणीतरी कळवावंच लागतं. पद्म पुरस्कारांसाठी कोणताही नागरिक कुणाचंही नाव सुचवू शकतो, ते ऑनलाइन करायचं असतं आणि कामाची माहिती ८०० शब्दांत बसवायची असते. ज्यांची नावं प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी जाहीर होतात, त्यांच्यासाठी कुणीतरी असे कागद भरलेले असतात. यात याचना कुठे आली? हे काम तुम्ही मुलांनी करू नका. बाबांनी ज्यांना फी न घेता शिकवलं त्या विद्यार्थ्यांना करू द्या, त्यांनाही गुरूसाठी काही केल्याचं समाधान मिळेल. बाबांना फक्त सांगून ठेवा.

पद्मवर नजर ठेवून बसावं असं मात्र मी म्हणणार नाही. वर्षाला साधारण १२० ची मर्यादा, त्यात सगळ्या देशातली सगळी क्षेत्रं. जवळची दारं आधी ठोठावा. राज्य सरकारचा संगीत रंगभूमीसाठी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार आहे, बाबांच्या कामाशी तो थेट जुळतो. त्याची चौकशी सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे करता येईल. नाट्य परिषद दरवर्षी १४ जूनला, गोविंद बल्लाळ देवलांच्या स्मृतिदिनी, आपले पुरस्कार देते. देवल तर तुमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे. परिषदेच्या सांगलीतल्या मंडळींना जाऊन भेटा, बाबांची माहिती द्या. त्यांच्यात बाबांना प्रत्यक्ष ऐकलेलं कुणीतरी नक्की निघेल.

त्यासाठी लागणारी एक गोष्ट तुमच्याकडे बहुधा तयार नसणार : बाबांच्या कामाची नोंद. साथीदारांच्या घरी हीच अडचण येते. काम पन्नास वर्षांचं आणि कागद चार. एक वही घ्या आणि रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांच्याजवळ बसा. कोणत्या गावात, कोणत्या कंपनीबरोबर किंवा मंडळाबरोबर, कुणाच्या साथीला, कोणतं नाटक, साधारण कोणतं साल. साल आठवलं नाही तर "धाकटीच्या जन्माआधी" असं आठवेल, तेही लिहा. जुनी हँडबिलं, निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं, फोटो काढा, आणि फोटोत कोण कोण आहे ते मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. ही नावं आज फक्त बाबांना माहीत आहेत. मग त्यांना पेटीवर बसवा आणि मोबाइल स्टँडवर लावून ध्वनिचित्रमुद्रण करा. नुसती पदं नकोत. एखादं पद कुठल्या पट्टीत कोण म्हणायचं, गायक विसरला तर त्याला सुरावर कसं आणायचं, पडदा पडायला उशीर झाला तर काय वाजवायचं, हे सगळं त्यांना बोलू द्या. साथीची ही विद्या पुस्तकात मिळत नाही. पुढे कुणी संशोधक किंवा पेटी शिकणारा विद्यार्थी आला तर तो हेच विचारणार आहे.

आणि एक सत्कार करा, घरचा आणि गावचा मिळून. बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला आता दीडेक वर्षच राहिलंय, हजार पौर्णिमा साधारण पावणेएक्क्याऐंशी वर्षांत होतात. पण तेवढं थांबायचं कशाला? ऐंशी पूर्ण होतील तेव्हाच करा. भावाने बाजूला काढलेले पंचवीस हजार इथे वापरा, तालुक्याच्या गावी तेवढ्यात नीट कार्यक्रम होतो. पुढाऱ्यांची भाषणं ठेवू नका, रेंगाळतात. बाबांनी ज्यांना साथ केली त्या गायक-गायिकांपैकी जे आहेत त्यांना बोलवा आणि बाबांविषयी पाच-पाच मिनिटं बोलायला सांगा, मग त्यांना गायला सांगा आणि पेटीवर बाबांनाच बसवा. निमंत्रणपत्रिकेवर बाबांचं नाव सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात छापा, आणि त्यांच्याबरोबर पूर्वी वाजवणाऱ्या सगळ्यांची नावं खाली द्या, हयात नसलेल्यांचीसुद्धा. मानपत्र लिहाल तर "संगीतसेवा", "अनमोल योगदान" असले शब्द टाळा. तुमच्या वहीतली गावं, सालं आणि नाटकं घाला. ते वाचताना बाबांना कळेल की कुणीतरी खरंच मोजलं होतं.

हे सगळं झालं म्हणजे राष्ट्रीय पुरस्काराची हुरहुर संपेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही. कदाचित नाही संपणार. मोठ्या कलाकारांचीही संपत नाही.

आता काका. पत्रात तुम्ही त्यांच्याविषयी एकच ओळ लिहिलीत, पण त्यांचं काम सगळ्यात आधी करा. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. २०२४ पासून तिचं मानधन महिन्याला सरसकट पाच हजार रुपये झालं आहे. वय पन्नाशीच्या पुढे हवं, कलेतलं बऱ्याच वर्षांचं काम दाखवावं लागतं, आणि उत्पन्नाची मर्यादा आहे. तुमच्या बाबांचं कदाचित त्यात बसणार नाही, काकांचं बसण्यासारखं वाटतं. चौकशी पंचायत समितीत करा. वयाचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक आणि कलेतल्या कामाचे पुरावे काढून ठेवा. हे पुरावेच काकांकडे नसतील. पण बाबांच्या जुन्या हँडबिलांवर पेटीशेजारी तबल्याला काकांचं नाव असेलच, त्याच्या प्रती जोडा. बाबांना सोबत घेऊन जा आणि काकांचा अर्ज त्यांच्यासमोर बसून भरा. कागद अपुरे आहेत म्हणून अर्ज परत आला, तर मला पुन्हा लिहा, आपण मार्ग काढू.